मिशनऱ्याच्या पेटीत काय असावे?



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप पायस अकरावे ह्यांनी १९२६ साली हा दिवस साऱ्या ख्रिस्तसभेला नेमून दिला. त्या दिवशी पाकिटे वाटली जातात, मिस्सामध्ये खास दान गोळा होते, आणि मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात कोणी ना कोणी हळूच विचारते, "फादर, हे पैसे नेमके कशाला लागतात?" शाळा, दवाखाना, विहीर, प्रचारकाचा पगार असे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. पण मिशनमधल्या फादरांना फ्रिज घ्यायचा आहे, सिस्टरांच्या घरी इन्व्हर्टर बसवायचा आहे, असे सांगितले की चेहरा जरा बदलतो. आपली माणसे भिडस्त, म्हणून कोणी बोलून दाखवत नाही. पण मनात येतेच: मिशनला गेले, आणि फ्रिज?

हा प्रश्न मनात दाबून ठेवण्यापेक्षा उघडपणे मांडलेला बरा. सुवार्तेसाठी घरदार सोडून गेलेल्या माणसाचा सुखसोयींवर कितपत हक्क आहे? 'सगळे सोडले' म्हणजे त्याने नेमके काय सोडले? कोणी म्हणेल, तत्त्वज्ञान हा अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरातला विषय, त्याचा फादरांच्या स्वयंपाकघराशी काय संबंध? आमचा अनुभव असा, की नीतीचे अवघड प्रश्न बहुधा स्वयंपाकघरातच, तेल-मीठ-पाण्याच्या हिशेबात, सुरू होतात.

परमुलूख कोणता?

'मिशनरी' म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गोरा, दाढीवाला, उन्हाची टोपी घातलेला माणूस येतो. खानदेशाने असे मिशनरी पाहिले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे प्रोटेस्टंट बांधव पश्चिम खानदेशात आले. नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे १९४२ साली सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. भुसावळला रेल्वेचे मोठे जंक्शन झाले तेव्हा गोवन आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे नोकरीसाठी तेथे आली, आणि त्यांच्यासाठी धर्मगुरूही आले.

आता ते चित्र जुने झाले. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. येथे सेवा करायला आलेले फादर आणि सिस्टर कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूर, केरळ किंवा तामिळनाडूकडचे असतात. त्यांना इकडे यायला पासपोर्ट लागत नाही, पण त्यांच्यासाठी खानदेश परमुलूखच आहे. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेलेला पारा सोसावा लागतो. मासळी-भाताची सवय असलेल्या पोटाला कळण्याची भाकरी, ठेचा आणि झणझणीत शेवभाजी पचवावी लागते. मराठी येत असली तरी अहिराणी कळत नाही. सातपुड्यात शिरल्यावर तर भिलोरी आणि पावरी बोली नव्याने शिकावी लागते.

मग त्यांच्या बॅगेत काय असते? वसईकराच्या बॅगेत सुके बोंबील आणि बॉटल मसाल्याची बाटली. केरळच्या सिस्टरांच्या सामानात खोबरेल तेल आणि केळ्याचे वेफर्स. केळ्यांच्या जळगावात केळ्याचे वेफर्स घेऊन येणे म्हणजे गंमतच, पण आपल्या गावच्या तेलात तळलेल्या चवीची बरोबरी दुसऱ्या चवीला येत नाही. आपल्याकडचे कोणी आफ्रिकेत, जर्मनीत किंवा दक्षिण अमेरिकेत सेवेसाठी निघाले, की त्यांच्या बॅगेतही पापड, लोणचे, मसाल्याची पुडी, हळद आणि आईने दिलेली एखादी बाम असतेच. विमान कंपनीच्या वजनकाट्यावर त्यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे ह्यावरून घरात वाद होतो. त्या वादात आपला प्रश्न दडलेला आहे: ह्यातले गरजेचे किती, सोयीचे किती आणि चैनीचे किती?

गरज, सोय आणि चैन

हे तीन शब्द आपण सहज वापरतो, पण त्यांच्या सीमा पक्क्या नाहीत. मच्छरदाणी ही गरज की सोय? ज्या गावात हिवतापाची साथ आहे तेथे ती औषधाइतकीच गरजेची आहे. पाण्याचा फिल्टर शहरात सोय वाटतो; जेथे सारे गाव नाल्याकाठच्या झिऱ्याचे पाणी पिते तेथे नव्याने आलेल्या माणसाला तो आठवडाभरात गरजेचा वाटू लागतो. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची, त्या भारनियमनाच्या काळात दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांना फ्रिज लसी ठेवण्यासाठी लागत असे. त्याच फ्रिजच्या एका कोपऱ्यात दुधाची पिशवी ठेवली, तर ती चैन झाली का?

म्हणून नुसत्या वस्तूकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. 'मिशनऱ्याकडे ह्या दहा वस्तू चालतील आणि त्या दहा चालणार नाहीत' अशी यादी केली, तर ती दुसऱ्या गावात आणि दुसऱ्या ऋतूत खोटी ठरेल. वस्तूमागचा विचार पाहावा लागेल.

प्रभूच्या दोन सूचना

शुभवर्तमानात प्रभू येशूने शिष्यांना पाठवताना दोन वेगवेगळ्या सूचना दिल्या आहेत, हे आपल्या लक्षात राहत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो बहात्तर जणांना पिशवी, झोळी आणि वहाणा घेऊ नका असे सांगतो. पण बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, तो त्या दिवसांची आठवण काढतो, तेव्हा तुम्हाला काही कमी पडले का असे विचारतो, आणि मग म्हणतो की आता मात्र ज्याच्याजवळ पिशवी असेल त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी. सांगणारा तोच आणि ऐकणारे तेच. वेळ बदलली, तशी सूचना बदलली.

संत पौलाचेही पाहा. उपासमार, थंडी, उघडेपणा सोसल्याचे तो करिंथकरांना मोठ्या धैर्याने लिहितो. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, बंदिवासात असताना, काय मागतो? त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला आपला झगा. सोबत पुस्तके, आणि विशेषतः चर्मपत्रे. हिवाळ्यापूर्वी ये, असेही तो कळवतो. ज्याने जगाला तुच्छ मानले त्या प्रेषिताला थंडी वाजत होती, आणि ते सांगायला त्याला लाज वाटली नाही. त्याच पत्रात त्याने आणखी एक मागणी केली आहे: मार्काला बरोबर घेऊन ये. आपल्याजवळ केवळ लूक उरला आहे, असे तो लिहितो. म्हणजे पौलाच्या यादीत पांघरूण आहे, पुस्तके आहेत आणि माणूस आहे.

खानदेशात हे समजायला कठीण जाऊ नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी फेब्रुवारी ते जून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अमळनेरला मास्तरकी केलेल्या गुरुजींजवळ तेथे सुखसोयी कसल्या असणार? पण कागद होता, लेखणी होती, बोलणारा होता आणि ऐकणारा होता. बाकी सारे गेले तरी माणसाला काय पुरते आणि काय नसले तर चालत नाही, हे बंदिवासातच नीट कळत असावे.

संत फ्रान्सिस झेवियरचे दोन पोशाख

मिशनऱ्यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली लिस्बनहून भारताकडे निघाले. पोर्तुगालच्या राजाने प्रवासाची सारी तरतूद करण्याचा हुकूम दिला होता. झेवियरांनी काही पुस्तके आणि वाटेतल्या थंडीसाठी जाड अंगरखा तेवढा घेतला. नोकर देऊ केला तोही नाकारला. जहाजावर ते आपले कपडे स्वतः धूत आणि आजाऱ्यांची सेवा करीत. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले.

हे चित्र आपल्याला आवडते. पण दुसरे चित्रही खरे आहे. जपानमध्ये गरिबाच्या वेशात हिंडणाऱ्या झेवियरांना कोणी दारात उभे करीना. तेव्हा १५५१ साली यामागुची येथील अधिपतीकडे ते उंची वस्त्रे घालून, घड्याळ, चष्मा, वाद्य अशा मौल्यवान भेटी घेऊन गेले, आणि त्यांना उपदेश करायची परवानगी मिळाली. पहिले झेवियर खरे आणि दुसरे ढोंगी, असे म्हणता येईल का? दोन्ही वेळी त्यांची नजर एकाच गोष्टीवर होती. जहाजावर आजारी खलाशाजवळ जायचे होते, म्हणून नोकर आड येऊ दिला नाही. यामागुचीत लोकांपर्यंत पोहोचायचे होते, म्हणून फाटका झगा आड येऊ दिला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांचा ग्रंथ वाचला. दारिद्र्याविषयी त्यांचे म्हणणे अनेकांना चकित करते. दारिद्र्य हीच परिपूर्णता, असे ते मानत नाहीत. ते साधन आहे. ज्या संघाकडे सर्वांत कमी वस्तू तो सर्वांत पवित्र असे होत नाही. ज्याचे दारिद्र्य त्याच्या कार्याला नेमके बेताचे बसते तो चांगला. औषध जितके जास्त तितके चांगले असे वैद्य म्हणत नाही. रोगाला जितके लागते तितके देतो, हा दाखलाही त्यांचाच. संत इग्नेशियसही हेच सांगतात: निर्मिलेल्या वस्तू आपल्या अंतिम हेतूला जेवढ्या मदत करतील तेवढ्या घ्याव्यात, जेवढ्या आड येतील तेवढ्या सोडाव्यात. तरुणपणी मानरेसा येथे अतिरेकी उपवास करून त्यांनी आपली प्रकृती बिघडवून घेतली होती, आणि पुढे इतरांना त्यापासून ते आवर्जून आवरत.

मदर तेरेसांचे उदाहरण तर आपल्या देशातले आहे. १९४८ साली कलकत्त्याच्या झोपडपट्टीत जाण्यापूर्वी त्या पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टरांकडे रुग्णसेवा शिकायला गेल्या. आपल्या भगिनी गरिबांप्रमाणे भात-मीठ खाऊन राहतील, असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या अनुभवी सिस्टरांनी स्पष्ट सांगितले की असे केले तर मुली आजारी पडतील, मरतील, आणि मग गरिबांची सेवा कोण करणार? मदरनी ते ऐकले. त्यांच्या भगिनींना साधे पण पोटभर जेवण मिळू लागले. गरिबांवरचे प्रेम खरे असेल, तर त्यांची सेवा करणारे शरीर मोडून टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मग धोका कोठे आहे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, "झाले तर मग! फादरांना एसी घेऊ द्या आणि विषय संपवा." विषय संपत नाही. वस्तूंमध्ये धोका आहेच. मात्र आपण तो भलत्या ठिकाणी शोधतो. मिशनऱ्याने पंख्याखाली झोप घेतली किंवा चॉकलेट खाल्ले म्हणजे तो बिघडला, असे नाही.

प्रभूने बहात्तर जणांना रिकाम्या हाताने का पाठवले, ह्याचा विचार करा. त्याने लगेच पुढे सांगितले की ज्या घरात तुमचे स्वागत होईल तेथेच राहा आणि वाढतील ते खा. त्यांनी कष्ट सोसावेत एवढाच हेतू असता, तर रानात झोपा असे सांगितले असते. त्यांनी पाहुणे व्हावे, दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, मागावे, हा हेतू होता. ज्याच्या पेटीत सर्व काही भरलेले आहे, त्याला शेजारी मीठ मागायला जावे लागत नाही. आणि जो मीठ मागायला गेला नाही, त्याला शेजारणीचे नाव कळत नाही, तिचा मुलगा सुरतेला कामाला गेला आहे हे कळत नाही, तिची बोली त्याच्या जिभेवर बसत नाही. देणाऱ्याच्या भूमिकेतच कायम राहिलेल्या माणसाला लोक मान देतात, पण त्याच्याजवळ मन मोकळे करीत नाहीत. समरीतल्या विहिरीवर प्रभूने प्रथम पाणी मागितले, जीवनाच्या पाण्याविषयी तो नंतर बोलला.

दुसरा धोका असा, की एकाची सोय दुसऱ्याच्या घामावर उभी असते. विजेपूर्वीच्या काळात साहेबलोकांच्या बंगल्यात छताला मोठा कापडी पंखा टांगलेला असे आणि त्याची दोरी व्हरांड्यात बसलेला गडी रात्रभर ओढत असे. आत वारा, बाहेर घाम. आज दोरी दिसत नाही, पण हिशेब राहतोच. सुवार्ताप्रसाराच्या इतिहासात मिशनऱ्यांची नावे लिहिली गेली. त्यांच्यापुढे चार कोस चालत जाऊन पाडा तयार करणारा प्रचारक मास्तर मात्र अर्ध्या पगारावर, गळक्या घरात राहिला. एकाच कार्यात दोन मापे असली की प्रवचनात कितीही बंधुभाव असो, लोकांना मापेच दिसतात. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यामागे मालक-नोकर ह्या नात्याविषयीची त्यांची बेचैनी होती. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची बेचैनी आपल्यालाही लागू पडते.

तिसरा धोका कुंपणाचा. खानदेशातल्या जुन्या गावांत 'मिशन कंपाउंड' हा शब्द आजही चालतो. उंच छपराचे, रुंद व्हरांड्याचे घर ह्या उन्हात शहाणपणाचेच होते. पण घराभोवती भिंत आली, फाटक आले, फाटकावर माणूस आला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या जीवनाविषयी दस्तऐवज प्रसृत केला. त्यात धर्मगुरूंच्या घरासाठी एक साधी कसोटी आहे: ते घर कोणालाही बंद वाटू नये, आणि अगदी दीनातल्या दीनालाही तेथे यायला भीती वाटू नये. किती खोल्या असाव्यात, फरशी कोणती असावी, हे परिषदेने सांगितले नाही. उंबरठ्याबाहेर चपला काढून उभ्या असलेल्या माणसाला आत यावेसे वाटते का, एवढेच विचारले.

मोलोकाई बेटावरील संत डेमियन १८७३ साली कुष्ठरुग्णांमध्ये गेले. लाकूड, कपडे, औषधे पाठवा म्हणून ते वरिष्ठांना आणि सरकारी मंडळाला सतत त्रास देत. मागण्याच्या बाबतीत ते मुळीच लाजाळू नव्हते. चिलीम ओढायची हौसही त्यांना होती. पण तीच चिलीम रुग्णांच्या हाती जाई, आणि ज्या भांड्यातून रुग्ण खात त्याच भांड्यातून ते खात. १८८९ साली त्याच रोगाने ते वारले. त्यांच्याजवळच्या वस्तूला कुंपण नव्हते.

आपल्या भाषेत सोय आणि सोयरा हे दोन शब्द कानाला जवळचे लागतात. मिशनऱ्याने प्रत्येक सोयीला विचारावे: तुझ्यामुळे माझे सोयरे वाढले, की तुटले?

खिशातले घर

आजच्या मिशनऱ्याची सर्वांत मोठी सोय कोणती असे विचारले, तर आम्ही फ्रिज किंवा गाडी म्हणणार नाही. मोबाइल म्हणू. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि सुमारे चाळीस वर्षांनी तेथेच वारले. मायदेशी परत गेले नाहीत. पत्र जायला कित्येक महिने लागत. त्यांनी आपली भाषा अशी आत्मसात केली, की १६१६ साली रायतूर येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' आज मराठी साहित्याचे भूषण मानले जाते. घरची हाक रोज संध्याकाळी कानावर येत असती, तर ही भाषा त्यांच्या इतकी आत शिरली असती का?

आता सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रातून रात्री नऊ वाजता केरळातल्या आईशी व्हिडिओवर बोलता येते. ह्याला वाईट म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आजारी आईचा चेहरा दिसला म्हणून एखाद्या सिस्टरला रात्री झोप लागत असेल, तर ती देवाचीच कृपा आहे. पण शरीर पाड्यावर आणि मन रोज गावी, असे झाले तर तो मिशनरी वर्षानुवर्षे येथे राहूनही येथे आलेलाच नसतो. जुन्या मिशनऱ्याला एकटेपणा शेजारी घेऊन जाई. नव्या मिशनऱ्याचा एकटेपणा पडद्यावर शांत होतो, आणि शेजारचे दार तसेच राहते.

ह्याची दुसरी बाजू परदेशी गेलेल्या आपल्या माणसांकडून कळते. जर्मनीतील धर्मग्रामात काम करणाऱ्या भारतीय धर्मगुरूला गरम खोली, गाडी, पगार, विमा सर्व मिळते. तक्रारीला जागा नाही. पण न सांगता दारात येऊन "चहा टाका फादर" म्हणणारे कोणी नसते. खानदेशात आलेल्या फादरला सोयी कमी आणि माणसे जास्त; तिकडे गेलेल्याला सोयी जास्त आणि माणसे कमी. दोघांपैकी अधिक त्याग कोणाचा, हे बॅगेच्या वजनावरून सांगता येणार नाही.

आपले काम काय?

संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिला. त्यात मठाधिपतीने प्रत्येक बंधूला काय द्यावे ह्याची यादी आहे: झगा, पायताण, पट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल, लिहायच्या पाट्या. कारणही दिले आहे. गरजेच्या वस्तू मठाधिपतीनेच दिल्या, की 'मला मिळाले नाही' ही सबब राहत नाही आणि गादीखाली लपवायची वेळ येत नाही. दुसऱ्या एका अध्यायात ते म्हणतात की ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत आणि खिन्न होऊ नये. ज्याला अधिक लागते त्याने आपल्या दुबळेपणामुळे नम्र व्हावे, मिळालेल्या दयेने फुगू नये. एकाच घरात एक फादर कूलरशिवाय झोपतो आणि दुसऱ्याला झोप येत नाही, तर हा नियम दोघांनाही पुरतो.

म्हणून मिशनला देताना आपण उघडपणे द्यावे आणि उघडपणे विचारावे. "काय लागते?" असे विचारण्यात अपमान नाही, "एवढे कशाला लागते?" असे प्रेमाने विचारण्यातही नाही. धर्मग्रामाच्या अर्थसमितीत धर्मगुरूच्या घरासाठी होणारा खर्च सर्वांसमोर मांडला गेला, तर कुजबुज आपोआप थांबते आणि धर्मगुरूलाही लपवायचा मोह होत नाही. त्याच बैठकीत प्रचारकाच्या घराचाही विचार व्हावा. फादरांच्या खोलीला कूलर मंजूर करताना प्रचारकाच्या घरातल्या पंख्याची चौकशी झाली नाही, तर आपण दोरीचा पंखाच पुन्हा टांगत आहोत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. मिशनरी उपाशी, घामाघूम आणि फाटका असावा अशी आपली इच्छा असते, ती पुष्कळदा त्याच्या भल्यासाठी नसते. आपल्या घरात दोन एसी असतात, आणि आपल्या वाट्याचे दारिद्र्य आपल्या वतीने दुसऱ्याने भोगावे असे आपल्याला वाटते. मिशन रविवारच्या पाकिटात शंभर रुपये घालून तेवढ्यात एका माणसाचे हाल विकत घेता येत नाहीत. सुवार्तेचे दारिद्र्य बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला सांगितलेले आहे. आपल्या घराचा उंबरठा त्याच कसोटीला लावून पाहा. भांडी घासणारी बाई मे महिन्याच्या दुपारी येते तेव्हा ती कोठे बसते? ज्या खोलीत गारवा आहे तेथे तिला पाच मिनिटे बसायला सांगितले जाते का? गार पाण्याचा पेला तिला कोणत्या भांड्यात मिळतो?

फिलिप्पैकरांना लिहिताना संत पौल सांगतो की विपुलतेत कसे राहावे आणि टंचाईत कसे राहावे, हे दोन्ही आपण शिकलो आहोत. टंचाई सोसायला शिकणे कठीण, हे कोणीही मान्य करील. विपुलतेत राहायलाही शिकावे लागते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही, आणि आज जळगाव-धुळ्यातल्या आपल्यापैकी पुष्कळांची गरज तीच आहे. मिळालेले आनंदाने वापरावे, त्यातले मागणाऱ्याला द्यावे, आणि एखादे दिवशी ते गेले तर प्रार्थना व काम थांबू नये, हा त्या शिक्षणाचा अर्थ.

येत्या मिशन रविवारी पाकीट भरण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी, मुलांनासुद्धा बरोबर घेऊन, एक चिठ्ठी लिहावी अशी आमची विनंती आहे. उद्या आपल्यापैकी कोणी दूरच्या देशात सुवार्तेसाठी निघाले आणि बॅगेत वीसच किलो नेता आले, तर त्यात काय घालाल? चिठ्ठ्या देवळाच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका. परमुलखात गेलेल्या आपल्या फादर-सिस्टरांना काय पाठवावे, ह्याचा निर्णय धर्मग्राम समितीच्या पुढच्या बैठकीत त्या चिठ्ठ्या वाचून घेऊ. पापड-लोणच्याबरोबर एक पत्र मात्र नक्की पाठवू, कारण पौलानेही झग्याबरोबर माणूस मागितला होता.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू